मुंबईचं गोड पाणी आणि आफ्रिकेचे मासे

गेल्या अंकात मी माझ्या टाकीतल्या पिवळ्या माशांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यातली निम्मी पत्रं त्यांच्यावरच आली. तेव्हा गोल्डफिशवाल्यांनी आणि गप्पीवाल्यांनी या वेळी जरा दम धरावा.

आधी उच्चाराचं मिटवते, कारण तिघांनी विचारलंय. या माशांच्या कुळाचं नाव इंग्रजीत सिक्लिड, क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानांत चिचलिड. मी दुकानात चिचलिडच म्हणते. सिक्लिड म्हटलं की तिथला मुलगा आधी माझ्याकडे बघतो, मग दर वाढवतो.

प्रश्न : ताई, मुलुंडला नवीन फ्लॅट घेतलाय. हॉलसाठी चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी बनवून घेतली. दुकानदार म्हणतो, सकाळी पाणी भरा, अँटिक्लोरीन टाका, संध्याकाळी मासे सोडा. पंधरा माशांचा ‘मिक्स आफ्रिकन’ लॉट द्यायला तो तयार आहे. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, अगदी स्वच्छ. मग घाई करायला हरकत काय? (एक वाचक, मुलुंड पूर्व)

लॉट घेऊ नका. दुकानदाराला सांगा, सहा आठवड्यांनी येईन.

तुमचं पाणी चांगलं आहे, खोट तिथेच आहे. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. हे सातही तलाव पावसाच्या पाण्यावर भरतात, आणि ते पाणी आपल्या काळ्या कातळावरून वाहत येतं. त्यात चुना फारसा नसतोच. माझी नणंद बार्शीहून आली की पहिल्या दिवशी हमखास म्हणते, ‘तुमच्याकडे डाळ किती लवकर शिजते गं!’ तिच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा पापुद्रा चढतो, माझ्या गिझरवर कधी चढला नाही. यालाच मृदू पाणी म्हणायचं.

तुम्हाला हवे आहेत ते मासे मलावी सरोवरातले. जवळपास 580 किलोमीटर लांब, म्हणजे मुंबईहून निघालात तर गोवा येईल, आणि 700 मीटरपेक्षा खोल. त्या पाण्यात क्षार आहेत, पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधलं, खाली आम्ल, वर अल्क) आठच्या आसपास असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. या माशांना आपलं गोड पाणी एक दिवस चालेल, एक महिनाही चालेल. घात त्यानंतर होतो. तो कसा होतो ते मी माझ्या खर्चाने शिकले आहे.

2011 सालची गोष्ट. तीन फुटांची टाकी, अकरा मासे, शोभेला एक मोठं लाकूड. मी एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यामुळे टेस्टट्यूब आणि थेंब मोजणं हातातलं काम. पहिल्या आठवड्यात पाणी तपासलं, पीएच 7.4 आला, म्हटलं चालतंय. पुढे आठ महिने तपासलंच नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी बघते तर सगळे मासे वरच्या कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटवून, पावसात आडोशाला उभी राहिलेली माणसं असतात तसे. पीएच काढला तर 6. मी लॅबवाली बाई, मला लगेच उपाय सुचला. खायच्या सोड्याचे चार चमचे पाण्यात विरघळवले आणि एकदम ओतले. रात्री नऊला पीएच आठ. स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी सात मासे तळाशी होते. दुकानदार म्हणाला, नजर लागली. नजर माझीच लागली होती, आठ महिने न ठेवलेली.

झालं होतं असं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होत राहतं. पाण्यात कार्बोनेट असेल तर ते हे आम्ल गिळून टाकतं आणि पीएच जागचा हलत नाही. या कार्बोनेटच्या साठ्याला छंदवाले ‘केएच’ म्हणतात. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच तीन अंशांच्या आसपास भरतो, म्हणजे शिल्लक थोडी आणि खर्च रोजचा. त्यात ते लाकूडही आम्लच सोडत होतं. शिल्लक संपली, पीएच घसरला, जिवाणू मंदावले आणि अमोनिया साचत गेला. पण आम्लधर्मी पाण्यात त्याचा बहुतेक भाग अमोनियम होऊन बसतो आणि तो फारसा विषारी नसतो, म्हणून मासे मलूल का होईना, जिवंत होते. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. मी एका रात्रीत दोन अंकांनी वाढवला होता. आता तुम्हीच हिशेब करा.

म्हणून तुमची टाकी रिकामी आहे तोवरच सगळं करून घ्या. रिकाम्या टाकीत चुका फुकट असतात.

दगड आधी. खदानीतला काळा डबर कुठल्याही बांधकामाच्या साइटवर मागितला तर मिळतो. तो पाण्याला काही करत नाही, नुसता रचायला उत्तम. एम्बुना म्हणजे मलावीच्या किनाऱ्यावरचे, दगडांत राहणारे मासे. त्यांना कपारी हव्यात, खूप हव्यात, एका मोठ्या दगडाने भागत नाही. टाकीच्या तळाशी थर्माकोलचा पातळ शीट, त्यावर थेट दगड, आणि दगड पक्के बसल्यावर मगच वाळू. उलट केलंत तर हे मासे वाळू उपसून दगडाखालचा पाया काढून घेतात आणि दगड काचेवर येतो. हे नुसतं घाबरवणं नाही. माझ्या पिवळ्या नराने एका रात्रीत मुठीएवढा खड्डा केला होता. वाळू नदीची, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. जुहूची पिशवीत भरून आणू नका, त्यात मीठ असतं.

पाण्याला कठीणपणा देण्यासाठी दुकानात कोरल चिप्स सुचवतील. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे मोझेक फरशीत घालतात ती पांढरी संगमरवराची चुरी टाइल्सच्या जुन्या दुकानांत अजून मिळते. एका खड्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या जातीचा आहे, कामाचा. दोन किलो चुरी जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. मात्र सगळा भार तिच्यावर टाकू नका. चुरी हळू विरघळते आणि पाणी अल्कधर्मी झालं की जवळपास थांबतेच. खरा आधार तो खायचा सोडा, ज्याने माझे मासे मारले. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, तो पन्नास लिटरला टाकला की केएच तीन अंशांहून थोडा वाढतो. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत दोनशे लिटरच्या थोडं वर पाणी बसेल. आठ चमचे टाकलेत की केएच नवाच्या आसपास जाईल आणि पीएच आठजवळ स्थिरावेल. टाकीत मासे नाहीत तोवर हे एकदम टाकलं तरी चालतं. मासे आल्यावर मात्र टाकीत थेट चिमूटभरही नाही. दर आठवड्याला जे पन्नास-साठ लिटर पाणी बदलाल त्याच्या बादलीत सोडा आधी विरघळवायचा, म्हणजे नवं पाणी जुन्यासारखंच होऊन टाकीत जातं. त्याच बादलीत हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, चार खडे, क्लोरीन घालवायला.

आता जिवाणू. एक सोललेली कोळंबी जुन्या स्टॉकिंगमध्ये बांधून टाकीत सोडा आणि फिल्टर चालू ठेवा. कोळंबी कुजेल, अमोनिया तयार होईल, त्यावर जिवाणू वाढतील. वास येतो, खोटं कशाला सांगू. आमच्या ह्यांनी दोन दिवस हॉलमध्ये चहा घेतला नाही. शाकाहारी घरांनी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकावं, वेळ थोडा जास्त लागतो. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला मळकट स्पंज मागून आणा, दोन आठवडे वाचतील. तो धुऊन देऊ लागले तर हात धरा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं सलग काही दिवस आलं की निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि मासे आणा. साधारण चार ते सहा आठवडे जातात. पीएच आठच्या टाकीत ही वाट बघणं इतर कुठल्याही टाकीपेक्षा जास्त गरजेचं आहे. का, ते वर सांगितलंच.

आणि ‘मिक्स आफ्रिकन’ का नको? त्या लॉटमध्ये बहुतेक नर असतात, काही संकर असतात, आणि एखादा ऑरॅटस, म्हणजे मलावीतलाच एक भांडखोर मासा, निघालाच तर तो सहा महिन्यांत बाकीच्यांना कोपऱ्यात उभं करतो. त्यापेक्षा तीन जाती निवडा: इलेक्ट्रिक यलो, असेई आणि रेड झेब्रा. प्रत्येकी एक नर आणि तीन-चार माद्या धरल्या तर बारा ते पंधरा मासे होतात. टाकी भरल्यासारखी दिसेल, दिसू द्या. आठ सदतीसच्या विरार लोकलमध्ये कुणी कुणाला एकट्याला गाठून त्रास देऊ शकत नाही, तेवढी जागाच नसते. दुपारच्या रिकाम्या डब्यात मात्र एकच माणूस खिडकीवर हक्क सांगतो. हे मासे तसेच आहेत. पण गर्दी केलीत की फिल्टर दुप्पट लागतो, तिथे काटकसर नको.

प्रश्न : आम्ही गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन लाकडी तुळयांची आहे. चार फुटी टाकी चालेल का? (एक वाचिका)

नाही. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून साडेतीनशे किलोच्या वर वजन जातं. सहा चौरस फुटांत पाच-सहा माणसं उभी करून त्यांना वर्षानुवर्षं हलू न देण्यासारखं आहे ते. शिवाय टाकी कधी ना कधी गळते, आणि तुमच्या खाली शेजारी राहतात.

पण निराश होऊ नका, तुमच्यासाठी माझ्या मते जास्त मजेदार मासा आहे. टांगानिका सरोवरातला मल्टिफॅसिएटस. पूर्ण वाढलेला नर दोन इंचांच्या आत, मादी त्याहून लहान. तिकडे हे मासे गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहतात. प्रत्येकाचा शंख म्हणजे एक खोली, पुढची वाळू म्हणजे गॅलरी, आणि शेजाऱ्याने गॅलरीत पाऊल टाकलं की भांडण. चाळीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दोन बाय एक बाय एक फुटांची टाकी पुरते, पाणी पंचावन्न लिटर. सगळं मिळून सत्तर-ऐंशी किलो होईल. भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवा, आणि जमिनीचा भरवसा नसेल तर आधी मिस्त्रीला दाखवा. भातखाचरातल्या मोठ्या गोगलगाईंचे रिकामे शंख गावाहून आणवा, उकळा, माशांच्या संख्येच्या दुप्पट तरी टाका. तळाला दोन-अडीच इंच बारीक वाळू, दगड जवळजवळ नकोतच. टांगानिकाचं पाणी मलावीपेक्षाही जास्त अल्कधर्मी, त्यामुळे वरचं सोड्याचं पुराण तुम्हालाही लागू. मासा मात्र शोधावा लागतो. दुकानात आज मागितला, उद्या मिळाला असं होत नाही.

प्रश्न : आमच्या टाकीत एम्बुना आहेत. सासूबाई त्यांना दोन वेळा पोळीचा चुरा आणि सुकवलेल्या अळ्या घालतात. मासे हात बघितला की धावत येतात, पण एकाचं पोट फुगलंय, तो खात नाही आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते. काय करू? (एक वाचिका, परळ)

पोट फुगणं, खाणं सोडणं आणि पांढरा दोरा ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की त्याला मलावी ब्लोट म्हणतात. बहुतेक एम्बुना आयुष्यभर दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. लांबलचक आतडं आणि पालेभाजीचा जीव. त्याला रोज मांसाहार आणि वर पोळी घातली तर पचन बिघडणारच. टाकीतली दादागिरी आणि घाण पाणी यांनीही हे होतं. आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवा, मोठ्या टाकीचं पाणी बदला, सगळ्यांचं खाणं दोन दिवस बंद करा. मेट्रोनिडॅझोलचा उपयोग होतो, पण अगदी सुरुवातीला, आणि मात्रा पशुवैद्यांना विचारून. घरातली पोटाची गोळी मोडून टाकू नका. खवले उभे राहिले असतील तर तो मासा बहुधा जाईल.

सासूबाईंना बंदी करू नका, त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या. स्पिरुलिना शेवाळाचं खाणं, वाफवलेला पालक, सोललेला वाफवलेला मटार. मटारावर मासे कसे तुटून पडतात ते एकदा दाखवा, त्या अळ्यांचा डबा स्वतःच बाजूला ठेवतील. आणि हात बघून धावत येतात ते भुकेने नव्हे. हे मासे हात बघितला की धावतातच, पोट फुटेस्तोवर जेवले असले तरी. माझ्या टाकीत सोमवारी कडक उपास असतो. आजवर कुणी तक्रार केली नाही.

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. माझा पिवळा मासा बारा दिवस काही खात नाही. त्याची हनुवटी सुजली आहे आणि तो सारखा तोंड हलवतो. बाबा म्हणतात मरणार. (भांडुप)

बाबांना सांग, मरत नाही. आणि ‘तो’ नाही, ती आहे. तिच्या तोंडात अंडी आहेत, आता तर बहुधा पिल्लंही.

या माशांत मादी दगडावर अंडी घालते आणि लगेच उचलून तोंडात घेते. बऱ्याच जातींत नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. अंडीच राहिली वाटून ती तिथे तोंड नेते आणि तोंडातली अंडी फलित होतात. मग साधारण तीन ते चार आठवडे ती जवळजवळ उपाशी. ते तोंड हलवणं म्हणजे चूळ भरल्यासारखं अंडी घोळवणं, सगळ्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. नीट बघ, नळीतून हवा येते त्या बाजूला कमी गर्दीच्या कोपऱ्यात ती उभी असेल. टॉर्च मारू नकोस आणि जाळीने पकडू नकोस, घाबरली तर थुंकून टाकते किंवा गिळते. कोपऱ्यात सुपारीएवढ्या दगडांचा ढीग कर, पिल्लांना फटीत शिरता आलं पाहिजे, मोठ्यांना नाही. माझ्याकडे पहिल्या खेपेला सतरा पिल्लं दिसली, वाचली पाच. खाणं बोटांत चुरडून पीठ कर आणि ढिगावर टाक. किती वाचली ते मला कळव.

थोडक्यात उत्तरं:

टाकी पूर्वेला की उत्तरेला? जिथे थेट ऊन पडत नाही आणि प्लगला एक्स्टेन्शन लावावी लागत नाही तिथे. वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही.

हे मासे फ्लॉवरहॉर्न माशाबरोबर ठेवू का? नको. तो एकटाच राहतो, त्याचं तेच बरं.

हीटर? मुंबईत माझा वर्षातून दोन-तीन आठवडे लागतो. मे महिना जास्त त्रासाचा. पाणी तिशीपार गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून त्या जागी जाळी घाला, टेबल फॅनचा वारा पृष्ठभागावर घ्या, एअर पंप जोरात चालवा. आपल्या दमट हवेत फॅनने दोनेक अंशच उतरतात, पण तेवढे पुरतात.

वीज गेली तर? आपल्याकडे ती सहसा जात नाही, म्हणूनच कुणाची तयारी नसते. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड बंद पडलं तेव्हा मी तासन् तास लोट्याने पाणी उंचावरून ओतत होते. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवरचा एअर पंप आणला.

हे मासे खातात का? तुमच्या टाकीतले नका खाऊ. पण बाजारात मिळणारी चिलापी हा आफ्रिकेचाच सिक्लिड, 1952 मध्ये आपल्या देशात आणलेला. आणि आपल्या कोकणच्या खाड्यांतलं कालुंदर तेही त्याच कुळातलं, अगदी इथलं. टाकीसमोर बसून कालुंदरांचं कालवण जेवताना आमचे हे माझ्याकडे बघून हसतात.

प्रश्न : पाणीकपात चालू असताना आठवड्याला साठ लिटर फेकायचं मनाला पटत नाही. (दहिसर)

मलाही पटत नाही, म्हणून फेकत नाही. ते नायट्रेटचं पाणी झाडांना चांगलं असं पुस्तकात असतं, पण आपल्या पाण्यात सोडा आहे. माझा मोगरा महिनाभरात पिवळा पडला. आता ते लादी पुसायला आणि फ्लशला जातं. कपातीत मी साठाऐवजी चाळीस लिटर बदलते आणि खाणं निम्मं करते. रविवारी दुपारी आमच्या बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या रांगेने उभ्या असतात, दोन दिवसांत संपतात. बोअरिंगचं पाणी वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. इमारत खाडीपासून लांब असेल तर तपासून बघा. ते पाणी मुळातच जड असतं, सोडा वाचेल. पण आधी जिभेला लावून खारट लागतंय का बघा आणि अमोनिया-नायट्रेटची चाचणी करा. आमच्या शेजारच्या सोसायटीच्या बोअरिंगला अमोनिया निघाला, टाकीत एक मासा नसताना.